जिंकायला तीन, एकट्याला दोन

मंडळी, आज जरा खेळाबद्दल लिहिणार आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईंनी टेबल टेनिसवर लिहावं हे वाचून काहींच्या भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगते. मी आयुष्यात कधी रॅकेट धरलेली नाही. पण नोकरीतली चौदा वर्षं शाळेच्या टेबल टेनिस संघाबरोबर गावोगावी गेले. कारण साधं होतं. क्रीडाशिक्षक एकच, ते कबड्डी आणि खो-खोच्या मागे. "टेबल टेनिसला काय, चार मुलं आणि एक बाई पुरतात," असं आमचे मुख्याध्यापक म्हणायचे. ती एक बाई म्हणजे मी! नियमांचं पुस्तक मी बसमध्ये बसून वाचलं, आणि एक नियम वाचताना तर मला अगदी धड्यात घालावा असा वाटला. आजचा लेख त्या एका नियमाबद्दल आहे.

लिहायला निमित्त झालं ते एका बातमीचं. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे क्रीडाप्रकार ठरवले. त्यात टेबल टेनिसमधले पुरुष सांघिक आणि महिला सांघिक हे दोन्ही प्रकार वगळले आणि त्याऐवजी मिश्र सांघिक आणला. शिवाय पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी हे २००४ नंतर बंद झालेले प्रकार परत आणले. म्हणजे २००८ ला बीजिंगमध्ये दुहेरी काढून सांघिक आणलं होतं, आता सांघिक काढून दुहेरी आणली. पुरुषांचं सांघिक टेबल टेनिस ऑलिंपिकमध्ये पाच वेळा झालं आणि पाचही वेळा सुवर्ण चीननं नेलं. आणि आपला पुरुष संघ? तो पहिल्यांदा पात्र ठरला २०२४ ला पॅरिसमध्ये. इतक्या वर्षांनी दारापर्यंत पोचलो आणि दार बंद झालं. आपल्या मुलींचा संघही पॅरिसलाच पहिल्यांदा गेला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला, त्यांचंही तेच.

त्यात २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेचा कार्यक्रम खर्च वाचवायला दहा खेळांवर आणला गेला आणि त्या दहांत टेबल टेनिस नाही. जिथं पुरुषांचं सांघिक सुवर्ण आपण २००६ ला मेलबर्नमध्ये, २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये आणि २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये जिंकलं, तिथंच हा खेळ नाही. यावर घरात, फिरायला जाणाऱ्या आमच्या गटात, कुठंच कोणी हळहळलेलं मला दिसलं नाही. क्रिकेटच्या एखाद्या सामन्याची वेळ बदलली तरी यापेक्षा जास्त चर्चा होते. असो.

तर तो नियम. सांघिक लढत पाच सामन्यांची असते, ज्याचे आधी तीन जिंकून होतील तो संघ जिंकला. हे तर सोपं आहे. पण त्यातली मेख अशी की कोणत्याही एका खेळाडूला जास्तीत जास्त दोनच सामने खेळता येतात. म्हणजे तुम्ही कितीही मोठे असा, जगज्जेते असा, तुमच्या संघाला जिंकायला तीन सामने लागणार आणि तुम्ही देऊ शकणार दोन. तिसरा दुसऱ्या कोणीतरी आणून द्यायचा!

मांडणी स्पर्धेप्रमाणे बदलते. आशियाई स्पर्धेत पाचही सामने एकेरीचे. पहिले दोन खेळाडू प्रत्येकी दोन खेळतात, तिसरा एक. ऑलिंपिकमध्ये आणि बर्मिंगहॅमला पहिला सामना दुहेरीचा होता. जो दुहेरीत नाही तो दोन एकेरी खेळतो, दुहेरीतले दोघे प्रत्येकी एक एकेरी. फार पूर्वी जागतिक स्पर्धेतल्या स्वेदलिंग चषकात नऊ एकेरी असत, पाच जिंकायच्या आणि एकाच्या वाट्याला तीनच. मांडणी कोणतीही घ्या, हिशेब तोच. एकट्याच्या जिवावर संघ जिंकणार नाही, याची सोय नियमातच करून ठेवलेली आहे.

दुहेरीचा नियम तर त्याहून कडक. जोडीतल्या दोघांनी चेंडू आळीपाळीनंच मारायचा. तुम्ही मारलात की पुढचा तुमच्या जोडीदाराचा, मग तो कितीही अवघड येवो. "थांब, हा मी घेतो" म्हणायची सोयच नाही. बॅडमिंटनमध्ये एक जण धावून धावून दुसऱ्याचंही खेळू शकतो, इथं नाही. चांगल्या खेळाडूला बाजूला सरकून जोडीदाराला जागा करून द्यावीच लागते. संसाराला लागू पडेल असा हा नियम आहे, नाही का?

आता बर्मिंगहॅमचा अंतिम सामना सांगते. २ ऑगस्ट २०२२, समोर सिंगापूर. आपल्या संघात चौघे. चेन्नईचे शरत कमल आणि जी. साथियान, सुरतचा हरमीत देसाई आणि आपल्या मुंबईचा सनील शेट्टी. आदल्या फेरीत आपण नायजेरियाला ३-० हरवलेलं आणि त्यात शरतनं त्यांच्या क्वाद्री अरुणाला हरवलेलं. तेव्हा सगळ्यांची भिस्त शरतवर. वयाची चाळिशी गाठलेला, २००६ च्या मेलबर्नच्या संघातही असलेला हा गडी.

पहिली दुहेरी हरमीत आणि साथियाननं सरळ तीन गेममध्ये जिंकली. पहिला गेम मात्र १३-११ असा ताणला गेला होता. दुसरा सामना शरतचा, क्लॅरेन्स च्यूशी. आणि शरत हरला. ७-११, १४-१२, ३-११, ९-११. लढत १-१ वर आली.

इथं थोडं थांबूया. संघातला सर्वांत मोठा खेळाडू, ज्याच्या दोन सामन्यांचा हिशेब आधीच मनात धरलेला असतो, तो अंतिम लढतीत हरतो. क्रिकेटमध्ये असा मोठा फलंदाज लवकर बाद झाला की आपण टीव्ही बंद करून ताटं वाढायला घेतो. पण इथं पुढचा सामना साथियानचा होता. त्यानं कोएन पँगशी पहिला गेम १२-१० असा कसाबसा घेतला, दुसरा गमावला आणि पुढचे दोन जिंकून भारताला २-१ वर नेलं. मग आला हरमीत. समोर तोच च्यू, ज्यानं तासाभरापूर्वी शरतला हरवलं होतं. हरमीतनं त्याला ११-८, ११-५, ११-६ असं सरळ हरवलं. ३-१. सुवर्ण!

हरमीत हरला असता तर पाचवा सामना शरतला खेळावा लागणार होता. तो खेळायची वेळच आली नाही. मला या लढतीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. आपल्या हातून राहिलेलं भरून काढायची संधी त्याला त्या दिवशी मिळाली नाही, आणि ती मिळाली नाही याचाच त्याला आनंद व्हायला हवा होता. कारण त्याच्याआधी धाकट्यांनी ते भरून काढलेलं होतं. घरातल्या कर्त्या माणसाला हे फार अवघड जातं, हे मी माझ्या वडिलांपासून माझ्या भावांपर्यंत पाहिलेलं आहे. आपल्यावाचून अडलं नाही, यात सुख मानायला शिकावं लागतं.

पुढं त्याच स्पर्धेत शरतनं पुरुष एकेरीचं सुवर्ण जिंकलं, इंग्लंडच्या लियम पिचफर्डला हरवून. श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण, साथियानबरोबर पुरुष दुहेरीचं रौप्य. त्याच वर्षी खेलरत्न मिळालं, तेही त्या वर्षी त्याला एकट्यालाच. सगळं अगदी योग्य. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. वीस-बावीस वर्षं त्यानं हा खेळ खांद्यावर वाहिला आणि २०२५ मध्ये चेन्नईच्या आपल्या लोकांसमोर निरोप घेतला.

पण बर्मिंगहॅमच्या टेबल टेनिसमधलं तुम्हाला काय आठवतं, असं मी घरातल्या चार जणांना विचारलं. चौघांनी शरतचं नाव घेतलं. हरमीत देसाई हे नाव एकालाही सांगता आलं नाही. अंतिम लढतीतल्या तीन विजयांपैकी दोन विजयांत ज्याचा हात, त्याच्या पदरात त्या स्पर्धेतून एकच पदक पडलं, हे सांघिक. आणि सनील शेट्टी? तो अंतिम सामन्यात टेबलापाशी उतरलाच नाही. बाकावर बसून होता. पण पदक त्यालाही मिळालं आणि ते तेवढ्याच वजनाचं होतं. ज्यांना हे खटकतं त्यांना मी विचारते, या तिघांनी जो सराव केला तो भिंतीशी केला का? रोज समोर कोणीतरी उभं राहून चेंडू परत करतं, तेव्हाच खेळाडू तयार होतो. हाच सनील आधीच्या स्पर्धेत, २०१८ ला, हरमीतबरोबर पुरुष दुहेरीचं कांस्य जिंकून आला होता. म्हणजे बाकावरचा हा माणूस काही बघ्या नव्हता.

माझा भाचा पुण्यात असतो, अभियंता आहे, वाद घालायला त्याला आवडतं. तो म्हणतो, "मावशी, तू उगाच भावुक होतेस. टेबल टेनिस हा मुळात एकट्याचा खेळ. सांघिक म्हणजे नुसती एकेरीची बेरीज. ती ऑलिंपिकमधून गेली तर बिघडलं कुठं?"

त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. चेंडू टेबलावर आला की मदतीला कोणी येत नाही, हे खरंच. पण नुसती बेरीज असती तर ज्याच्याकडे सर्वांत मोठा आकडा तो जिंकला असता. तसं होत नाही. त्याला मी आपल्या मुंबईचंच उदाहरण दिलं. १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत झाली, आशियात पहिल्यांदाच. मी तेव्हा पाळण्यात होते, पण आमचे थोरले काका गिरगावात राहायचे आणि या स्पर्धेबद्दल फार रंगवून सांगायचे. जपानचा हिरोजी सातो नावाचा बारीक अंगाचा, चष्मेवाला खेळाडू स्पंज लावलेली रॅकेट घेऊन आला. तोपर्यंत रबराच्या रॅकेटवर चेंडूचा टकटक आवाज यायचा आणि खेळाडू त्या आवाजावरून अंदाज बांधायचे. सातोच्या रॅकेटवर ठोक्याचा आवाजच येईना! भले भले गोंधळून गेले आणि सातो पुरुष एकेरीचा जगज्जेता झाला. या खेळाचं रूपच त्यानंतर बदललं. पण त्याच स्पर्धेत पुरुषांचा सांघिक स्वेदलिंग चषक कोणी जिंकला? हंगेरीनं. जगाला न उलगडलेलं हत्यार एकाच्या हातात होतं, तरी चषक जपानला मिळाला नाही. एकट्याला वाटेकरी लागतातच.

दुसरं उदाहरण पॅरिसचं. चीनचा मा लाँग हा २०१६ आणि टोकियो अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमधला एकेरीचा विजेता. पॅरिसला तो एकेरी खेळलाच नाही. एकेरीच्या दोन जागा वांग चुचिन आणि फान चेनतोंग या धाकट्यांना गेल्या. मा लाँग फक्त सांघिकमध्ये उतरला, दुहेरीत वांगच्या जोडीला. आणि वांग तोवर एकेरीत लवकर हरून बसलेला होता, जगात पहिल्या क्रमांकाचा असूनही. त्या खचलेल्या पोराच्या शेजारी हा पस्तिशीचा थोरला उभा राहिला आणि दोघं सुवर्ण घेऊन गेले. चीनकडे उत्तम खेळाडूंचा तोटा नाही, तरी त्यांनी या माणसाला आणलं. बेरीजच करायची असती तर कशाला आणलं असतं?

आपणही याच चीनकडून पॅरिसला ३-० असे हरलो. हरमीत आणि मानव ठक्कर दुहेरी हरले, शरतनं फान चेनतोंगकडून एक गेम घेतला, मानवही हरला. पण त्याआधी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत याच आपल्या पुरुष संघानं उपांत्यपूर्व फेरीत जपानला ३-१ असं हरवलं होतं. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाकडून हरले, पण कांस्य पक्कं झालं. आशियाई स्पर्धेत टेबल टेनिस १९५८ पासून आहे आणि भारताचं त्यातलं हे पहिलं पदक. साठ वर्षांत पहिलं! ते एकेरीत नाही आलं, सांघिकमध्ये आलं, हे भाच्यानं लक्षात घ्यावं. एकेकट्यानं आशियाई स्पर्धेत पहिल्या चारांत जाणं आपल्याला तोवर साधलं नव्हतं, पण तिघं मिळून गेले. मिश्र दुहेरीचं कांस्य त्याच्यानंतर आलं, शरत आणि मनिका बात्रा यांचं. जिथं एकटा पोचत नाही तिथं तिघं पोचतात, हे आपल्यासारख्या मागून येणाऱ्या देशांसाठी फार मोलाचं आहे.

आता शाळेतलं थोडं सांगते. आमच्या शालेय स्पर्धा पाच एकेरींच्या पद्धतीनं होत. त्यात एक गंमत आहे, जी मला दोन-तीन वर्षांनी कळली. चौथा आणि पाचवा सामना कधी होतो, कधी होत नाही. पण तिसरा सामना होतोच होतो, कारण तिनाशिवाय निकालच लागत नाही. आणि तिसरा सामना असतो तिसऱ्या खेळाडूचा. म्हणजे संघातला सगळ्यात कच्चा मुलगा प्रत्येक लढतीत खेळणारच. त्याला लपवता येत नाही. म्हणून पहिल्या दोघांना त्याच्याबरोबर रोज सराव करावाच लागे. स्वार्थासाठी का होईना, हुशार मुलगा कच्च्या मुलाला शिकवायला लागे. वर्गात हे घडावं म्हणून मी किती खटपटी केल्या, पण बाकांवर ते जमलं नाही ते त्या टेबलावर आपोआप जमायचं.

एका वर्षी आमचा तिसरा खेळाडू एका सुतारकाम करणाऱ्यांचा मुलगा होता. जिल्ह्याच्या अंतिम लढतीत १-१ असताना तो खेळायला उभा राहिला आणि हरला. खाली मान घालून माझ्या शेजारी येऊन बसला. पुढचे दोन्ही सामने आमच्या पहिल्या दोघांनी जिंकले आणि आम्ही ३-२ नं अजिंक्य झालो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर अभिनंदनाचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, माझं अक्षर बरं म्हणून. कोणीतरी सुचवलं की पहिल्या मुलाचं नाव वर, मोठ्या अक्षरांत लिहा. मी चारही नावं एका ओळीत, एकाच आकारात लिहिली. राखीव मुलाचंही. तो सुताराचा मुलगा मधल्या सुट्टीत तीन वेळा फळ्यासमोरून गेला, हे मी शिक्षकखोलीतून पाहिलं.

हे सगळं जुनं म्हणून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी घरातच एक गोष्ट घडली. माझा नातू तेरा वर्षांचा आहे आणि चांगला खेळतो. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी, दोन वेळा प्रशिक्षण. (हे वाचून आमचे चिरंजीव रागावणार आहेत, पण सूनबाईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) त्याच्या शाळेचा संघ आंतरशालेय स्पर्धेला जायचा होता. त्याच आठवड्यात मानांकनाची स्पर्धा होती. शाळेच्या स्पर्धेला मानांकनाचे गुण नाहीत, तेव्हा प्रशिक्षकांनी सांगितलं, शाळेचं सोडा. नातू गेला नाही. दुसऱ्या क्रमांकाचा मुलगाही त्याच प्रशिक्षकांकडे, तोही गेला नाही. उरला तिसरा आणि एक राखीव. दोघांवर संघ होत नाही. शाळेनं नाव मागे घेतलं.

नातू मानांकनाच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरून परत आला. त्याचं त्याला फार वाईट वाटलं नाही. चार दिवसांनी मात्र मला म्हणाला, "आजी, तो माझ्याशी बोलत नाही." तो म्हणजे तिसरा मुलगा. वर्षभर त्यानं याच एका स्पर्धेसाठी शाळा सुटल्यावर थांबून सराव केला होता. त्याच्या घरी दोन वेळच्या प्रशिक्षणाची ऐपत नाही. मानांकनाच्या स्पर्धांना गावोगाव जायची तर नाहीच नाही. शाळेचा संघ हीच त्याची स्पर्धा, आणि तिला जाणं न जाणं त्याच्या हातात नव्हतं.

मी मुलाला आणि सुनेला दोष देत नाही. फी किती आहे, रबर बदलायला किती लागतात, प्रवास किती, हे मी डोळ्यांनी पाहते. एवढं सगळं ओतल्यावर आईबाप गुणांकडे बघणारच. त्यांनी सगळं नियमानुसारच केलं. माझं म्हणणं आहे ते या रचनेबद्दल. जिथं गुण नाहीत तिथं खेळायचं नाही, असं तेराव्या वर्षी पोरांना शिकवणारी ही रचना आहे. एकेरीच्या यादीत वर चढायला दुसऱ्याला मागे टाकावं लागतं. त्यात गैर काही नाही, खेळ म्हटला की ते आलंच. पण त्याच्या जोडीला दुसराही धडा हवा, की तुझ्या दोन विजयांनी भागत नाही, तिसरा तुझ्या मित्राला आणायचा आहे, तेव्हा त्याला तयार कर. हा धडा देणारा प्रकार वर ऑलिंपिकमधून गेला आणि खाली शाळेतूनही चालला आहे. वरच्या बातमीनं मी अस्वस्थ झाले ती या खालच्या गोष्टीमुळे. मोठ्या स्पर्धेत जे पदक असतं त्याच्याच मागे अकादम्या, शिष्यवृत्त्या आणि आईबाप धावतात.

मिश्र सांघिक येतंय याला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट लिहिते. उलट मला ते आवडलं. मुलगे आणि मुली एका संघात, एकमेकांच्या विजयावर अवलंबून, हे आमच्या काळात कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. आमच्या शाळेत तर मुलींना टेबल मिळायचं ते मुलगे दमल्यावर! त्यामुळे हा बदल मी स्वागतार्हच मानते. पण नवीन पाहुणा आला म्हणून घरातल्या दोघांना बाहेर काढायची गरज होती का, एवढाच माझा प्रश्न आहे. जागतिक आणि आशियाई स्पर्धांत पुरुषांचे आणि महिलांचे वेगवेगळे संघ खेळतात, तिथं तरी त्यांना धक्का लागू नये. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा आपल्या अहमदाबादला मिळालेली आहे. तिथं पुरुषांची आणि महिलांची सांघिक लढत पहिल्या दिवसापासून असावी आणि ती पाहायला शाळेच्या पोरांना फुकट सोडावं, असं मला मनापासून वाटतं.

लॉस एंजेलिसचं आपल्या हातात काही नाही. पण आपल्या सोसायटीचं आहे. गणेशोत्सवात आमच्याकडे टेबल टेनिस आणि कॅरमच्या स्पर्धा होतात, सगळ्या एकेरी. दरवर्षी तीच दोन पोरं अंतिम फेरीत, बाकीची पहिल्या फेरीत बाद होऊन वडापावच्या रांगेत. यंदा मी समितीच्या सभेत ठराव मांडणार आहे. टेबल टेनिस सांघिक करा. तिघांचा संघ, त्यातला एक तरी नवशिका हवा, आणि एकाला दोनपेक्षा जास्त सामने नाहीत. हरलेल्या संघालाही दुसरी लढत द्या. समितीत कोण काय म्हणणार हे मला साधारण ठाऊक आहे. "बाई, वेळ कुठं आहे एवढा?" असं म्हणतील. पाच सामन्यांच्या लढतीला वेळ लागतोच. तिसऱ्या खेळाडूला तो द्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं आहे.

तुमच्यापैकी कोणाची मुलं-नातवंडं हा खेळ खेळत असतील तर त्यांच्या शाळेत संघ जातो का, तिसरा खेळाडू कोण असतो, एवढं जरूर विचारा. आणि उत्तर मिळालं की मलाही कळवा. समितीत वाद घालायला मला उदाहरणं हवी आहेत.